लग्नाला तीन लाख

आमच्या नाहूरच्या घरात रविवारी सकाळपासून मिक्सर फिरायचे. आमचा नव्हे, लोकांचे. पप्पा पवईच्या इंजिनिअरिंग संस्थेत वर्कशॉपमध्ये कामाला होते, आणि बिल्डिंगमधल्या बायकांचा पक्का समज होता की जो माणूस तिथली लेथ सांभाळतो त्याला मिक्सरचं काय कौतुक! मग कापडी पिशव्यांमध्ये गुंडाळलेले मिक्सर दाराशी यायचे, आणि पप्पा हॉलमध्ये, म्हणजे वन रूम किचनमधल्या त्या एकुलत्या एका रूममध्ये, पेपर पसरून मांडी ठोकून बसायचे. आधी खरखर, मग जळका वास, मग एकदम सुरळीत घुर्रर्र. पैसे कुणाकडूनही घ्यायचे नाहीत. आतून आई म्हणायची, "सामान तरी त्यायच्या पैशानं आनत जा वो." आई बुलढाण्याकडची. मुंबईत उभा जन्म काढला, पण बोली बदलायची तिला कधी गरज वाटली नाही. इतर दिवशी ती त्याच रूममध्ये पाळणाघर चालवायची, त्यामुळे सोमवार ते शनिवार पोरांची रडारड आणि रविवारी मिक्सर. अशा घरात वाढलेल्या माणसाला शांतता बाधते. आजही मी लिहायला बसते तेव्हा गॅसवर कुकर चढवून बसते, डाळ लागणार नसली तरी.

पप्पांच्या दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एक म्हणजे त्यांनी ते घर वर्षानुवर्षं हप्ते भरून सोडवलं होतं. शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी बिल्डिंगभर पेढे वाटले, आणि बँकेतून परत मिळालेली कागदपत्रं आईने साडीच्या घडीत ठेवली. दुसरी म्हणजे त्यांचा शिक्षणावरचा विश्वास. तो विश्वास नव्हता, श्रद्धाच होती. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर होती, तिच्याकडे बोट करून ते म्हणायचे, "यांच्यामुळे आपण शाळेचं तोंड बघितलं. या घरात डिग्रीला नाही म्हणायचं नाही." स्वतः आयटीआय झालेले. संस्थेत मुलाखतींचा मोसम आला की दुसऱ्यांचे बाप घरी येताना भाजी आणतात तसे माझे पप्पा पॅकेज घेऊन यायचे. "आज एका पोराला चाळीसचं लागलं." चाळीस म्हणजे चाळीस लाख, वर्षाला. त्या पोराचं नाव त्यांना ठाऊक नसायचं, पण जेवताना ते असे खुशीत असायचे की पैसे आमच्याच घरी येणार आहेत असं वाटावं. मी इंजिनिअर व्हावं ही त्यांची इच्छा माझ्या गणिताने नववीतच मोडीत काढली होती. त्यांनी रडगाणं गायलं नाही. फक्त म्हणाले, "काहीही कर, पण डिग्री कर."

मला कॅमेऱ्याचं वेड कसं लागलं, हे विचारलं तर मी आत्याच्या मुलीच्या लग्नाचं नाव घेते. मुलुंडच्या एका हॉलमध्ये, बौद्ध पद्धतीने लग्न होतं. फोटोग्राफर होता ॲल्विन, अंधेरीच्या जुन्या गावठाणातला ख्रिश्चन मुलगा, आमच्यासारखाच मराठी बोलणारा. अंगाने आडवा, घामाने निथळलेला, दोन कॅमेरे दोन खांद्यांवर. वंदना झाली, प्रतिज्ञा झाल्या, वधूवर हार घेऊन समोरासमोर उभे राहिले, आणि हा बाबा सोफ्यामागे निवांत लेन्स बदलत उभा. त्याने आजवर केलेली सगळी लग्नं एक तर चर्चमधली, नाही तर भटजींची. तो अंतरपाटाची वाट बघत होता! मी त्याची बाही खेचली. "अहो दादा, आमच्यात अंतरपाट नसतो. आत्ता हार घालतील, पळा!" तो जो धावला, तो एका खुर्चीसकट धावला. हार गळ्यात पडताना आणि फुलांच्या पाकळ्या उडताना त्याला नेमका फोटो मिळाला. नंतर जेवणाच्या पंगतीत मला शोधत आला. "अगं ए, वाट लागली असती आज माझी. थँक्यू हां. कॅमेरा धरलायस कधी?" आणि त्याने तो माझ्या हातात दिला. नवरीची पांढरीशुभ्र साडी आणि तिचा आमच्या घराण्याचा पक्का सावळा चेहरा, दोन्ही एका चौकटीत नीट धरणं किती अवघड असतं ते त्याने मला तिथेच दाखवलं. साडी सांभाळली की चेहरा काळवंडतो, चेहरा उजळला की साडी नुसती पांढरा डाग होते. मी तासभर त्याच खटपटीत होते. आइस्क्रीम संपलं तरी कळलं नाही.

बारावीची परीक्षा झाली तशी मी घरी जाहीर केलं की मला फोटोग्राफी आणि सिनेमा शिकायचा आहे. मला वाटलं, आता महाभारत होणार. काही झालं नाही. पप्पांनी एकच विचारलं, "डिप्लोमा का डिग्री?" डिग्री म्हटल्यावर ते पुढच्याच शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर अंधेरीच्या त्या खासगी कॉलेजात आले. काचेचं दार, एसीचा गारठा, भिंतीवर रडणाऱ्या बायकांचे मोठमोठे फोटो. समोरच्या मॅडमने तीन वर्षांची फी सांगितली तेव्हा मी पप्पांकडे बघायचं टाळलं. बारा लाख, वर कॅमेरा, लॅपटॉप आणि शेवटच्या वर्षीच्या फिल्मचा खर्च वेगळा. पप्पा म्हणाले, "नोकरीचं?" मॅडम म्हणाल्या, "सर, आमचे इंडस्ट्रीशी फार चांगले संबंध आहेत." पप्पांनी समाधानाने मान हलवली. रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, "बरंय, एमआयडीसी जवळच आहे." इंडस्ट्री म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर कारखानेच येणार, दुसरं काय!

फीच्या आकड्याने मात्र तेही थोडे हबकले असावेत, कारण त्या कॉलेजातून शिकलेल्या कुणाला तरी घरी बोलाव म्हणाले. ॲल्विन तिथलाच निघाला. तो आला त्या दिवशी आईने पाटवडीचा रस्सा केला होता. तिखटजाळ, वर तेलाची तर्री तरंगणारा. ॲल्विनने पहिला घास घेतला आणि विचारलं, "काकी, मटण कुठून आणता? एकदम मऊ आहे." आई तोंडाला पदर लावून हसली. बेसनाच्या वड्या आहेत हे त्याला पटवायला वेळ लागला. मग पप्पांनी मुद्द्याला हात घातला.

"पॅकेज किती बसतं तुझं?"

"तीन लाखांपासून सुरू होतं, काका."

पप्पांचा चेहरा पडला. "वर्षाला तीन?"

"वर्षाला कसलं? लग्नाला."

पप्पांनी भाकरी ताटात ठेवली. "एका लग्नाला तीन लाख! आणि अशी लग्नं किती करतोस?"

"मोजली नाहीत हो. वीसेक होतात वर्षाला, लहानमोठी धरून," ॲल्विन नाक पुसत म्हणाला. तो रस्सा त्याला फारच झोंबत होता.

बस्स. पप्पांच्या जगात पॅकेज म्हणजे पोराच्या खिशात पडणारा पैसा. फोटोग्राफरच्या जगात पॅकेज म्हणजे गिऱ्हाईकाला विकायची पुडी: फोटो, व्हिडिओ, ड्रोन, अल्बम, सगळं मिळून. एकाच शब्दाचे दोन अर्थ त्या दिवशी आमच्या ताटावर समोरासमोर बसून जेवले, आणि कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. पप्पांनी मनात वीस त्रिक साठ केले. पवईच्या पोरांना मिळतात त्याहून जास्त! दुसऱ्या दिवशी हे साठ लाख वर्कशॉपमध्ये पोचले, आणि रविवारी आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात. आईने साडीच्या घडीतून कागद काढून दिले. शैक्षणिक कर्जाला घर तारण लागणार होतं. देताना ती एवढंच म्हणाली, "मले कोनं इचारलं का?" तिला खरंच कुणी विचारलं नव्हतं.

निकालाला अवकाश होता. ॲल्विनदादाच्या मागे लागून मी त्या उन्हाळ्यात त्याच्याबरोबर लग्नांवर जाऊ लागले. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, हॉलमागून हॉल. आधी लाइट धरला, मग दुसरा कॅमेरा. सोसायचे ते सगळे अपमान सोसले. नवऱ्याच्या काकांनी "ए फोटोवाली, बाजूला हो" म्हणणं, जेवणाच्या काउंटरवर "स्टाफचं नंतर" म्हणून हाकलणं. मला त्याचं काही वाटलं नाही, मी हवेत होते. पण मी कारागिराची मुलगी. कुठलीही वस्तू दिसली की आतून कशी चालते ते उघडून बघायची सवय रक्तातच. हळूहळू मला दिसायला लागलं की ते तीन लाख कुठे कुठे जातात. व्हिडिओवाले दोघे, ड्रोनवाला, भाड्याच्या लेन्सा, एडिटर, अल्बम छापणारा, गाडी. शेवटचा हप्ता गिऱ्हाईक अल्बम मिळेपर्यंत अडकवून ठेवणार, आणि अल्बम बघून म्हणणार की नवरी गोरी करून द्या. शिवाय तीन लाखांची लग्नं वर्षात तीन-चारच. बाकीची साठ-सत्तर हजारांची, त्यातही घासाघीस.

एके दुपारी आम्ही त्याच्या गावठाणातल्या घरी फोटो निवडत बसलो होतो. खाली त्याची आई अंगणात मसाल्याच्या मिरच्या वाळवत होती, त्या वासाने दोघांनाही ठसका लागत होता. मी विचारलं, "दादा, सगळं वजा जाता तुझ्या हातात राहतं किती?"

"चाललंय गं."

"चाललंय म्हणजे किती?"

"तू काय इन्कमटॅक्सवाली आहेस काय? फोटो बघ."

"नाही बघत. आमचं घर जाणार आहे बँकेत. मला कळलंच पाहिजे."

तो चिडला. उठून खिडकीशी गेला, परत आला. मग बोलला, आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबला नाही. महिन्याकाठी राहत होतं ते त्याच्या एअरपोर्टवर सामान तपासणाऱ्या भावाच्या पगाराइतकंच. त्यातले बावीस हजार त्याच कॉलेजच्या कर्जाच्या हप्त्यात जात होते, आणि अजून कित्येक वर्षं जाणार होते. डिग्री झाल्यावर वर्षभर सिनेमाच्या सेटवर असिस्टंट होता. गाडीभाडं आणि जेवण, एवढाच पगार. पैसे मागितले की म्हणायचे, शिकायला मिळतंय ना? "शिकायला मिळत होतं, यार. पण हप्ता पाच तारखेला असतो. बँकेला थोडंच सांगणार, शिकतोय म्हणून?"

"म्हणजे डिग्री फुकट गेली?"

"नाही!" तो जवळजवळ ओरडलाच. "माझ्या लाइफमधली बेस्ट तीन वर्षं ती. काय काय बघितलं, काय काय केलं. पण ऐक, कर्जाची गंमत काय असते सांगू? सिनेमा शिकायला कर्ज काढलं, आणि कर्ज फेडायला लग्नं शूट करतो. लग्न शूट करायला डिग्री कोण विचारतं? सिनेमा करायला टाइमच नाही."

मला ते कॉलेज हवं होतं. आजही सांगते, अगदी जीव तोडून हवं होतं. तो एसीचा गारठा, त्या रडणाऱ्या बायकांचे फोटो, तिथली पोरं पायरीवर बसून ज्या ऐटीत बोलत होती ती ऐट, सगळं हवं होतं. पण घरी येताना मी एकच हिशेब करत होते. कर्ज दहा वर्षांचं, हप्ते सुरू होणार माझं शिक्षण संपल्यावर, आणि पप्पांची नोकरी उरली होती सात वर्षं. त्यानंतरची बाकी कोण भरणार होतं? मी, गाडीभाड्यातून?

मी ठरवलं. आणि एकदा ठरवल्यावर मी पप्पांचीच मुलगी, जागची हलले नाही. पप्पा मात्र ऐकायलाच तयार होईनात. मी तीन लाखांची फोड करून सांगितली तर म्हणाले, "तो पोरगा आळशी असेल. तू जास्त कमावशील." मी म्हटलं, बाहेरून बीए करते, तिची फी माझी मी भरते, आणि काम शिकते. तर म्हणाले, "लोकांच्या पोरी डिग्रीसाठी बापाशी भांडतात, तू डिग्री नको म्हणून भांडतेस? कुणी शिकवलं हे तुला?" आणि तसबिरीकडे बघितलं. ज्या घरात चार पिढ्यांना पाटीसुद्धा मिळाली नाही, तिथे समोरून चालत आलेल्या डिग्रीला नाही म्हणणं म्हणजे काय, हे मला समजत नव्हतं असं नाही. दोन रात्री मी त्या तसबिरीकडे पाठ करून झोपले.

निकाल लागला. बरे मार्क पडले. विहारात दरवर्षी होतो तसा गुणगौरव सोहळा ठेवला होता: पुष्पगुच्छ, पेन, एक जाडजूड शब्दकोश. महिला मंडळाच्या ताई माइकवर म्हणाल्या, "आपल्या वस्तीतली ही पहिली मुलगी, जी सिनेमाची डिग्री घेणार आहे, आणि जिला वर्षाला साठ लाखांचं पॅकेज मिळणार आहे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पप्पा पुढच्या रांगेत होते, इस्त्रीचा तोच शर्ट. सोमवारी बँकेत सह्या होत्या. ताईंनी माइक माझ्या हातात दिला, "दोन शब्द बोल."

मी म्हटलं, "मला साठ लाखांचं पॅकेज मिळणार नाही. कुणालाच मिळत नाही. ते तीन लाख लग्नाचे असतात, फोटोग्राफरचे नसतात." लोक हसले, त्यांना वाटलं विनोद केला. मी पुढे बोलत राहिले. फी किती, हप्ता किती, सुरुवातीला कमाई किती, सगळं सांगितलं. "माझ्या पप्पांनी घर सोडवलंय. ते मी परत बँकेत ठेवू देणार नाही. मी शिकणार आहे. पण कर्ज काढून नाही." माइक गुणगुणायला लागला. पप्पा उठले, आणि कोपऱ्यातल्या ॲम्प्लिफायरपाशी जाऊन, सगळ्यांकडे पाठ करून, वायर तपासत बसले. माझं बोलणं संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. टाळ्या वाजल्या की नाही ते मला आठवत नाही. आई मात्र मागच्या रांगेत उभी राहिलेली आठवते. नुसती उभी.

मी बरोबर होते का? हा प्रश्न मला पुढे पुष्कळ वेळा पडला. काम मिळालं, नाव झालं, घरही झालं. पण डिग्री म्हणजे तीन वर्षं वाईट काम करायची मोकळीक असते, ती मला मिळाली नाही. माझ्या सगळ्या चुका लोकांच्या लग्नात झाल्या, आणि लोकांनी त्या लक्षात ठेवल्या. सिनेमा राहिला तो राहिलाच. मध्यंतरी त्याच धर्तीच्या एका कॉलेजने मला शिकवायला बोलावलं, आणि मानधनाच्या वेळी कळलं की माझा दर कमी आहे, कारण माझी बीए या विषयातली नाही. मी पोट धरून हसले, आणि घरी येऊन थोडी रडलेही. तरी सांगते, तो माइक पुन्हा हातात आला तर पुन्हा तेच बोलेन.

त्या दिवशी विहारातून पप्पा आणि मी चालत निघालो. आई पुढे गेली होती. गुच्छ पप्पांच्या हातात होता, उलटा धरलेला, फुलं खाली. नाल्यावरच्या पुलावर ते थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "एवढ्या लोकांत सांगितलंस. तुला काय वाटलं, तुझा बाप तेवढा टिकणार नाही? मध्येच मरेन आणि घर जाईल, हेच धरलंस ना?"

"नाही पप्पा," मी म्हटलं. "तुम्ही टिकाल हेच धरलं होतं. रिटायर झाल्यावर कुठेतरी वॉचमनची नाइट धराल, औषधं टाळाल, पण एक हप्ता चुकवणार नाही. मला त्याचीच भीती वाटली."

त्यांनी पुलाचा कठडा धरला. रिक्षा जात होत्या, माणसं जात होती. मग त्यांनी शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

"चुकवला नसताच," ते म्हणाले.